विद्येचे माहेरघर : ऐकलेले आणि पाहिलेले

पुण्यास विद्येचे माहेरघर म्हणावयाचे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. माहेर म्हटले की तेथील उणे सहसा दिसत नाही आणि दिसले तरी चारचौघांत बोलावयाचे नसते. नाशिककरांचे पुण्याशी नाते मात्र केवळ भक्तीचे नाही. ते कागदोपत्री आहे. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले, आणि १९२४ साली निघालेले आमचे येथील कलामहाविद्यालय मुंबईच्या छत्राखालून पुण्याच्या छत्राखाली आले. तेव्हापासून नाशिकच्या घरोघरी जी पदवीपत्रे जपून ठेवली आहेत, त्यांवर पुण्याचे नाव आहे. २०१४ पासून त्या नावास सावित्रीबाई फुले यांच्या नावाची जोड मिळाली. तथापि ज्या घरांत ही पदवीपत्रे आहेत, त्यांतील कित्येकांनी विद्यापीठाचे आवार डोळ्यांनी पाहिलेले नसते.

आमच्या घरी पुण्याचे जे चित्र होते ते आजोबांच्या तोंडून ऐकलेले. वार लावून जेवणारे, माधुकरी मागून शिकणारे, रस्त्यावरील दिव्याखाली पाठांतर करणारे विद्यार्थी. आणि वाड्यावाड्यांतून उंबऱ्यापर्यंत येऊन विद्या सांगणारे शास्त्री. अशा निराश्रित विद्यार्थ्यांसाठी १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले, यावरून हे चित्र अगदीच कल्पनेतील नव्हते हे उघड आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रावर विसंबून आजच्या मुलांचे बेत ठरवू लागलो, म्हणजे घोटाळा होतो.

तसा प्रसंग आमच्या घरी आला. पुतणी बी. ए. झाली. तिने पुण्यास जावे, याविषयी एकमत होते. कशासाठी, याविषयी मात्र नव्हते. आमच्या दादांचे म्हणणे, तिने तेथे राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करावा. तिच्या मनात पुरातत्त्व. अखेर ‘आधी गाव तर पाहून या’ असा आजींनी निवाडा दिला आणि काका म्हणून तिच्यासोबत जाण्याचे काम माझ्याकडे आले.

नाशिकहून पुणे सुमारे दोनशे दहा किलोमीटर. दोन शहरांमध्ये सरळ लोहमार्ग अद्याप नाही; सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, राजगुरुनगर असे सडकेनेच जावे लागते. चाकणपाशी वाहनांच्या कोंडीत माहेरची ओढ पुष्कळच कमी होते, इतकेच त्या प्रवासाविषयी सांगतो.

प्रथम सदाशिव पेठ व तिच्या आसपासच्या पेठा पाहिल्या. विद्यार्थी तेथे आजही अपार आहेत. जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उठल्या आहेत आणि त्यांतील मजल्यामजल्यांवर ‘अभ्यासिका’ आहेत. एका अभ्यासिकेत डोकावलो. दाटीने मांडलेली मेजे, प्रत्येकास लाकडी आडोसा, पाण्याची बाटली, आणि कमालीची शांतता. पुतणीने हळूच विचारले, “काका, यांची पुस्तके कोठे आहेत?” पुस्तके नव्हतीच, ज्याने त्याने आपली आणावयाची. भाडे बसण्याच्या जागेचे. खोलीत राहण्याचे भाडेही खाटेच्या हिशेबाने. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचे ढीग दिसले, पण दर्शनी जागा बहुतेक परीक्षोपयोगी मार्गदर्शकांनी व्यापलेली. जागा शेकड्यांनी निघतात आणि अर्ज लाखांनी येतात. त्या मुलांचे कष्ट पाहून हसू येत नाही, काळजी वाटते. पंचविशी उलटलेले कित्येकजण घरी काय सांगावे या विवंचनेत तेथे बसलेले आहेत. दिव्याखालच्या विद्यार्थ्याचा वारस शोधावयाचा तर तो हाच. परंतु तो विद्येसाठी बसला आहे, असे म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी गणेशखिंड. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे पूर्वीचा गव्हर्नरचा पावसाळी मुक्कामाचा बंगला. सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६४ मध्ये, त्याचे काम सुरू झाले. २२ जून १८९७ च्या रात्री याच बंगल्यातील समारंभाहून परतताना रँडवर गोळी झाडली गेली. चारशेहून अधिक एकरांचे आवार, जुने वृक्ष, सावली. येथे पुतणीचा चेहरा प्रथम उजळला. मला मात्र वाटले, इमारत पाहून विद्येचा अंदाज करणे बरे नव्हे.

तो अंदाज भांडारकर संस्थेत आला. रामकृष्णपंत भांडारकरांच्या सन्मानार्थ १९१७ साली ही संस्था निघाली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे काम तिने १९१९ मध्ये हाती घेतले, १२५९ हस्तलिखिते जमविली आणि १९६६ साली एकोणीस खंडांत ते पुरे केले. मुख्य संपादक सुकथनकर १९४३ मध्येच वारले. इतरांनी काम पुढे नेले. रस्त्यावर वाहनांचा पूर लोटत असता आत माणसे मोजकीच होती.

नंतर नदीपलीकडे, येरवड्याच्या बाजूस, डेक्कन कॉलेज. येथे १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या केलेल्या आहेत. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि आजवर प्रसिद्ध झालेले खंड ‘अ’ या अक्षराच्या पलीकडे गेलेले नाहीत. दादा असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता.

तेथेच पुतणीस आपले गाव भेटले. सांकळिया व देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकला गोदाकाठची मातीची गढी आणि संगमनेरजवळचे जोर्वे येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५५ साली या संस्थेने प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वी सुमारे चौदाशे ते सातशे या काळातील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस आज जोर्व्याचेच नाव आहे. आदल्या दिवशी त्याच संगमनेरावरून आम्ही चहा पिऊन पुढे गेलो होतो. आणि ज्या गढीकडे आम्ही नाशिककर मान वर करूनही पाहत नाही, तिच्या थराथरांचा हिशेब पुण्यात लिहून ठेवलेला! पुतणी परतीच्या वाटेवर फारशी बोलली नाही.

घरी दादांनी पहिलाच प्रश्न केला, “या विद्येत जागा किती निघतात?”

“फार थोड्या, बाबा,” ती म्हणाली, “पण अर्जही थोडेच येतात.”

दादा हसले नाहीत. दोन वर्षांचा खर्च किती, पुढे नोकरी न मिळाली तर काय, हे त्यांचे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे मजजवळही पूर्णांशाने नाहीत. तथापि अभ्यासिकेतील तीन-चार वर्षांचा खर्चही मी त्यांना कागदावर मांडून दाखविला. त्या वाटेवरही पुढची शाश्वती नाही. आजींनी राहण्याजेवण्याचे विचारून घेतले. तूर्त पुरातत्त्वाचा अर्ज भरला आहे, आणि येरवड्याच्या बाजूस चार मुलींच्या सोबतीने खोली मिळते काय, याचा तपास चालू आहे.