पावसाळी आभाळ, शर्यतीचा ट्रॅक आणि टायरची निवड

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतील तरुण मुलामुलींच्या बोलण्यात ‘ट्रॅक डे’ हा शब्द वारंवार ऐकू येऊ लागला आहे. ज्येष्ठ मंडळी तो ऐकून धास्तावतात; म्हणून प्रथम त्याचा अर्थ स्पष्ट करणे इष्ट ठरेल. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शर्यतीसाठी बांधलेला बंदिस्त मार्ग एका दिवसापुरता हौशी मोटारसायकलस्वारांना शुल्क घेऊन खुला केला जातो. अनुभवानुसार गट पाडले जातात, प्रत्येक गटाला साधारणपणे पंधरा-वीस मिनिटांची पाळी मिळते, वळणांवर झेंडे घेतलेले मार्शल उभे असतात आणि रुग्णवाहिका सज्ज असते. समोरून ट्रक येत नाही, रस्त्यात गुरे बसलेली नसतात. महामार्गावर वेग अजमावण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच अधिक सुज्ञपणाचा आहे.

माझा पुतण्या पुण्यात नोकरी करतो. तीनशे नव्वद सीसीची मोटारसायकल घेऊन तो या छंदाकडे वळला, तेव्हा त्याच्या आईवडिलांनी चौकशीचे काम माझ्यावर सोपविले. बँकेत कर्जप्रकरणे तपासताना जडलेल्या सवयीने मी प्रथम जोखीम नेमकी कोठे आहे ते शोधले. हेल्मेट, चामड्याचा पोशाख, ब्रेक या सर्वांचे महत्त्व आहेच; परंतु मोटारसायकल आणि जमीन यांचा संबंध येतो तो केवळ दोन टायरच्या, प्रत्येकी जेमतेम तळहाताएवढ्या भागातून. आकाश लहरी असेल, तर त्या दोन तळहातांची निवड कशी करावी, हाच या लेखाचा विषय आहे.

ट्रॅक आणि तेथील आकाश

महाराष्ट्रातील हौशी स्वार प्रामुख्याने तमिळनाडूकडे धाव घेतात. कोइंबतूरजवळ चेट्टिपाळयम येथे ‘करी मोटर स्पीडवे’ हा सुमारे २.१ किलोमीटर लांबीचा ट्रॅक आहे. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर परिसरात इरुंगट्टुकोट्टै येथे मद्रासचा जुना ट्रॅक असून त्याची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर आहे. उत्तरेत ग्रेटर नोएडा येथे पाच किलोमीटरहून अधिक लांबीचा ‘बुद्ध इंटरनॅशनल सर्किट’ २०११ पासून आहे.

महाराष्ट्रातील पावसाळा सप्टेंबरअखेर ओसरू लागतो आणि ऑक्टोबरपासून आपण निर्धास्त होतो. तमिळनाडूत मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हे ईशान्य मोसमी पावसाचे महिने असतात. सकाळी लख्ख ऊन, दुपारी सर आणि संध्याकाळी अर्धवट वाळलेला ट्रॅक, असा दिवस तेथे नवलाचा नाही. उन्हात डांबर हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते आणि सर येताच झपाट्याने थंड होते. एकाच दिवशी एकाच टायरला या दोन्ही टोकांना सामोरे जावे लागते.

खाचांचे खरे काम

टायरवरील खाचांमुळे पकड वाढते, हा समज सर्वत्र रूढ आहे. कोरड्या डांबरावर वस्तुस्थिती उलट असते. जेवढे रबर जमिनीला टेकेल तेवढी पकड अधिक; खाच म्हणजे रबर नसलेली जागा. म्हणूनच शर्यतीचे कोरड्या हवेतील टायर पूर्णपणे गुळगुळीत असतात. त्यांना ‘स्लिक’ म्हणतात. खाचांचे काम पाणी बाजूला सारण्याचे. पाण्याला वाट मिळाली नाही, तर टायर त्या थरावर तरंगू लागतो आणि स्वाराचे नियंत्रण संपते.

दुसरी बाब तापमानाची. रबर ठरावीक उष्णतेतच उत्तम चिकटते. स्लिकचे रबर बरेच तापल्यावर काम करते. त्यासाठी व्यावसायिक स्वार ट्रॅकवर उतरण्यापूर्वी टायरला विजेवर तापणारी आवरणे गुंडाळतात. पावसाचे खास टायर याच्या उलट असतात. त्यांच्या खाचा खोल, रबर अतिशय मऊ आणि थंड-ओल्या डांबरावरही चिकटणारे. पण ट्रॅक वाळला की तेच रबर भराभर तापते, त्याचे तुकडे सुटू लागतात आणि थोड्या फेऱ्यांत टायर निकामी होतो.

दोन टोके आणि मधला मार्ग

जागतिक स्पर्धेत हा पेच कसा सोडविला जातो ते पाहणे उद्बोधक आहे. मोटोजीपीमध्ये शर्यत चालू असताना पाऊस आला, तर स्वार पिटमध्ये येऊन दुसऱ्या टायरची तयार मोटारसायकल घेऊन परत जाऊ शकतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंड येथे मोटारसायकली बदलून शर्यत पूर्ण झाली आणि मार्को मेलान्द्री विजयी झाला. म्हणजे जगातील सर्वोत्तम स्वारांनाही दोन्ही ऋतूंना पुरणारा एकच उत्तम टायर मिळालेला नाही. त्यांच्याजवळ दुसरी मोटारसायकल असते, इतकेच.

आपल्या मुलांजवळ एकच मोटारसायकल असते, चाकांचा दुसरा संच नसतो आणि तापविणारी आवरणेही बहुधा नसतात. शिवाय पुष्कळजण तीच गाडी चालवीत ट्रॅकपर्यंत जातात. पुण्याहून कोइंबतूर रस्त्याने सुमारे बाराशे किलोमीटर आहे. स्लिक रस्त्यावर वापरण्यासाठी नसतात. त्यामुळे तो पर्याय आपोआप बाद होतो.

उरतो तो रस्त्यासाठी मान्य असलेला, पण खेळाच्या वळणाचा टायर. त्याच्या मध्यभागी तुलनेने कडक आणि दोन्ही कडांना मऊ रबर असलेले प्रकार मिळतात. कडक भाग लांबच्या प्रवासात टिकतो, मऊ भाग वळणात चिकटतो. रबरात सिलिका मिसळलेली असेल, तर ओल्या व थंड डांबरावरही पकड चांगली राहते. येथेही दोन उपप्रकार आहेत. काहींवर खाचा नावापुरत्या असून कडा जवळजवळ गुळगुळीत असतात. ते कोरड्या ट्रॅकचे गडी. काहींवर खाचा कडेपर्यंत पोहोचलेल्या असतात. आभाळ अनिश्चित असेल, तर माझ्या मते दुसराच प्रकार घ्यावा. कोरड्या ट्रॅकवर फेरीमागे एखाद-दुसरा सेकंद जाईल. पण ट्रॅक डेमध्ये त्या सेकंदाला बक्षीस नसते. निवड दिवसातील सर्वोत्तम तासासाठी न करता सर्वांत कठीण तासासाठी करावी. अशा टायरने सकाळही साधते आणि दुपारही सांभाळता येते.

मी पुतण्याबरोबर एकदा दक्षिणेतील ट्रॅकवर गेलो होतो. जेवणानंतर सर आली. एका स्वाराने गाडी टेम्पोतून आणून स्लिक बसविले होते. त्याला उरलेला दिवस पिटमध्ये बसून काढावा लागला. त्याचा तो निर्णय योग्यच होता. माझा पुतण्या कडेपर्यंत खाचा असलेल्या टायरवर वेग निम्म्यावर आणून आणखी दोन पाळ्या फिरला आणि ओल्या डांबरावर ब्रेक किती हळुवार दाबावा लागतो ते शिकला.

दाबाचे गणित

टायर निवडून झाला तरी त्यातील हवेचा दाब हा स्वतंत्र विषय आहे. बंदिस्त हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो. समजा, सकाळी २५ अंशांवर दाब ३० पीएसआय ठेवला. एका पाळीनंतर आतली हवा ६५ अंशांवर गेली, तर दाब सुमारे ३६ होतो. मग सर आली आणि तापमान ४० अंशांवर उतरले, तर तोच दाब ३२ च्या आसपास येतो. हवा तीच, पण टायरचा जमिनीला टेकणारा आकार तीन वेळा बदलला.

यास्तव चांगला डिजिटल मापक जवळ बाळगावा आणि प्रत्येक पाळीपूर्वी व पाळीनंतर नोंद करावी. कोरड्या ट्रॅकवर बरेच स्वार उत्पादकाने सांगितलेल्या दाबापेक्षा दोन-चार पीएसआय कमी ठेवतात; म्हणजे तापल्यावर तो फार वाढत नाही. पाऊस येताच मात्र दाब पुन्हा उत्पादकाच्या आकड्याजवळ न्यावा. कमी दाबात टायर दबतो, खाचा मिटू लागतात आणि पाण्याची वाट अडते. घरी परतताना मूळ दाब भरण्यास विसरू नये.

खरेदीपूर्वी टायर वाचावा

ज्याप्रमाणे दस्तऐवज वाचल्याविना सही करू नये, त्याप्रमाणे टायरची बाजू वाचल्याविना पैसे देऊ नयेत. तेथील चार अंकी आकडा निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतो; ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर कडक होते, मग सवलत कितीही असो. मापापुढील इंग्रजी अक्षर कमाल वेग दर्शविते: ‘एच’ म्हणजे ताशी २१०, ‘व्ही’ म्हणजे २४० आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे २७० किलोमीटर.

रुंद टायर बसविण्याची हौस मुलांत फार आढळते. अरुंद रिमवर रुंद टायर चेपला जातो, त्याची गोलाई बिघडते आणि वळणात गाडी विचित्र वागते. उत्पादकाने दिलेलेच माप ठेवावे. पुढचा व मागचा टायर एकाच जोडीचा असावा. नव्या टायरवर साच्याची चकाकी असते. म्हणून ट्रॅकच्या दोन-तीन आठवडे आधी तो बसवून पहिले शंभर-एक किलोमीटर सबुरीने चालवावे. लांबच्या सरळ प्रवासात मागच्या टायरचा मध्यभाग सपाट होतो, तोही ट्रॅकवर उतरण्यापूर्वी हाताने चाचपून पाहावा. झीज दाखविणाऱ्या खुणेपर्यंत खाचा उतरल्या असतील, तर परतीच्या पावसाळी रस्त्यासाठी काय उरेल, याचा विचार आधीच करावा.

थांबण्याचे धैर्य

सर्वांत घसरडा काळ मुसळधार पावसाचा नसून पहिल्या दहा-पंधरा मिनिटांच्या रिमझिमीचा असतो. डांबरावरील तेल आणि रबराची भुकटी त्या वेळी वर येते. कडेचे रंगविलेले पट्टे ओले झाले की काचेसारखे होतात. ट्रॅक वाळू लागला, तरी प्रथम केवळ नेहमीच्या मार्गाची पट्टी कोरडी होते. तिच्याबाहेर हातभर सरकले की पुन्हा ओल असते. अशा वेळी एक पाळी सोडून देणे हे भित्रेपण नाही. शुल्क भरले आहे, म्हणून फेरी मारलीच पाहिजे, असा हिशेब करू नये. गेलेला पैसा पुढील निर्णयात धरावयाचा नसतो, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षातच शिकविले जाते.

पालकांना एक विनंती. मुलगा वा मुलगी ट्रॅकवर जाते म्हणाली, तर नुसता नकार देऊ नये. नकार दिलेला वेग पुष्कळदा महामार्गावर प्रकट होतो. त्याऐवजी टायर कोणता, किती जुना, दाब किती आणि तेथील हवामानाचा अंदाज काय, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे तयार असतील, तर निश्चिंत मनाने निरोप द्यावा. नसतील, तर ती मिळेपर्यंत गाडीची किल्ली आपल्याकडे ठेवावी.