अंड्यापासून गरुडापर्यंत

मराठी घरातल्या मुलाचा कागदावरचा पहिला पक्षी बहुधा २ या आकड्यातून जन्माला येतो. आकड्याला चोच आणि डोळा जोडला, खाली पोटाची रेघ ओढली की बदक तयार. मग ठिपक्यांच्या रांगोळीतला मोर येतो, डोंगरावरच्या सूर्यासमोरून उडणाऱ्या पाखरांची रांग येते. पुढे कोणी चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमीडिएट परीक्षा देतं, पण बहुतेकांचा पक्षी तिथेच थांबतो. पायऱ्या पाठ होतात. त्या त्याच क्रमाने का आहेत, हे मात्र कोणी सांगत नाही.

पायरीपायरीने पक्षी काढायला शिकवण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे. तिच्याकडे सलग पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. अंगणातला पक्षी आणि पुराणातला पक्षी काढण्याच्या पायऱ्या वेगळ्या नाहीत. ज्याला गिधाड नीट काढता येतं, त्याचाच जटायू कागदावर जिवंत होतो.

आधी अंडं

चीनमध्ये १६७९ साली चित्रकलेच्या एका प्रसिद्ध पाठ्यग्रंथाचा पहिला भाग छापला गेला. ‘मोहरीच्या दाण्याएवढी बाग’ अशा अर्थाच्या नावाने तो ओळखला जातो. फुलं आणि पक्षी शिकवणारे त्याचे पुढचे भाग १७०१ मध्ये आले. त्यातला पक्ष्यांचा धडा मोठा सुरेख आहे. पक्षी अंड्यातून जन्मतो, म्हणून त्याचं शरीरही अंड्याच्या आकाराचं. त्या अंड्याला डोकं आणि शेपूट द्या, मग पंख आणि पाय वाढवत न्या, असं तो सांगतो. आजही कोणत्याही चांगल्या चित्रशिक्षकाची पहिली सूचना हीच असते.

जपानच्या होकुसाईने १८१२ मध्ये झटपट चित्रकलेचं पुस्तक काढलं. वर्तुळ आणि चौकोन यांतून प्राणी, पक्षी, माणसं कशी उभी राहतात, हे त्यात शेजारी शेजारी दाखवलेलं आहे. आपल्याकडे हेच काम रांगोळीचे ठिपके करतात. पैठणीच्या पदरावरचा मोर आणि मुनियाही धाग्यांच्या हिशेबातूनच उमटतात. साधन कुठलंही असो, आधी मोठा आकार आणि नंतर बारकावा, हा क्रम सगळीकडे सारखा आहे.

एक साळुंकी, सहा पायऱ्या

सरावाला साळुंकीसारखा पक्षी नाही. ती माणसाला फार बुजत नाही आणि जमिनीवर चालते, त्यामुळे नीट पाहता येते.

पहिली रेघ पवित्र्याची. शेपटीपासून डोक्यापर्यंत अंग किती तिरकं आहे, एवढंच ती सांगते. सावध साळुंकी ताठ उभी असते, दाणे टिपणारी आडवी होते. ही एक रेघ चुकली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. दुसऱ्या पायरीत त्या रेघेवर अंडं बसवायचं. तिसऱ्या पायरीत डोक्याचा गोल. नवशिक्याच्या हातून डोकं हमखास मोठं होतं, म्हणून पेन्सिल समोर धरून ते धडात किती वेळा मावतं, हे मोजून घ्यावं.

चौथी पायरी चोच आणि डोळ्याची. त्या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या संदर्भानेच काढायच्या. चोचीची फट मागे वाढवून पाहिली की डोळ्याची जागा सापडते. साळुंकीच्या डोळ्याभोवतीचा पिवळा, पिसं नसलेला भाग इथेच आखून ठेवावा, कारण तिची ओळख त्यात आहे.

पाचवी पायरी पायांची, आणि इथेच सर्वांत जास्त गफलत होते. पक्ष्याचा गुडघा उलटा वाकतो असं आपल्याला वाटतं, पण दिसतो तो त्याचा घोटा. खरा गुडघा पोटाजवळच्या पिसांत झाकलेला असतो. पक्षी बोटांवर उभा राहतो. पावलं शरीराच्या भाराखाली आली नाहीत, तर चित्रातला पक्षी पुढे कलंडतो. बोटांकडेही लक्ष हवं. साळुंकीची तीन पुढे आणि एक मागे, तर पोपटाची दोन पुढे आणि दोन मागे.

पिसं सहाव्या, म्हणजे शेवटच्या पायरीत, आणि तीही गटागटाने. पंख हा मुळात हात आहे. त्यालाही खांदा, कोपर आणि मनगट असतं. टोकाची लांब पिसं पंजाच्या हाडांतून निघतात, त्यांच्या आतली कोपर ते मनगट या भागातून. मिटलेल्या पंखात ही पिसं एकाखाली एक सरकतात. हा सांगाडा समजला की पिसं मोजत बसावं लागत नाही.

पाहणाऱ्यांची परंपरा

या निरीक्षणाचे थोर नमुने आपल्या देशातच आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या छतावर हंसांची रांग आहे. प्रत्येक हंसाची मान वेगळी वळलेली, प्रत्येकाची चाल निराळी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या, तेव्हा त्यांचंही मोठं शिक्षण झालं असणार.

जहांगीरच्या दरबारात उस्ताद मन्सूर हा चित्रकार होता. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून बादशहासाठी दुर्मीळ चिजा आणल्या, त्यांत टर्की हा अनोळखी पक्षी होता. त्याच्या डोक्याचा आणि मानेचा रंग क्षणाक्षणाला पालटतो, हे जहांगीरने आपल्या आठवणींत कौतुकाने नोंदवलं आणि चित्रकारांना त्याचं चित्र काढायला सांगितलं. मन्सूरच्या नावाचं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. कधी न पाहिलेला पक्षी कसा काढायचा, याचा तो वस्तुपाठच आहे.

पुढे कलकत्त्यात मेरी इंपी यांनी आपल्या बागेत पक्षी पाळले आणि १७७७ पासून ते चितारून घेतले. शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास हे तिघे चित्रकार पाटण्याचे. मुघल कलमाची नजाकत आणि शास्त्रीय अचूकता त्यांनी एका कागदावर आणली. अमेरिकेतल्या ऑडुबॉनने मारलेले पक्षी तारांनी चौकटींच्या फळीवर उभे करून, तशाच चौकटी आखलेल्या कागदावर चितारले. १८२७ ते १८३८ या काळात त्याचे ४३५ चित्रफलक पूर्णाकृती आकारात छापले गेले. आज दुर्बीण असताना पक्षी मारण्याची गरज उरलेली नाही. सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ मध्ये आलं, आणि सचित्र पुस्तक हातात धरून पक्षी ओळखण्याची सवय आपल्याकडे रुजली. मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षीकोशा’ने त्या पक्ष्यांना मराठी नावांनी आपल्या घरात आणलं. चित्र काढणाऱ्याने ही पुस्तकं जवळ ठेवावीत, पण पक्षी पाहून झाल्यावर उघडावीत.

पंख आणि हात

आता पुराणातले पक्षी. गरुडाला पंख आहेत आणि जोडलेले हातही आहेत. पंख म्हणजेच हात, हे कळलेल्या चित्रकारापुढे इथे खरा प्रश्न उभा राहतो, की दुसरी जोडी अंगाला कुठे जोडायची? चांगले मूर्तिकार पंखांचं मूळ खांद्यामागे, पाठीच्या पात्यांवर घेतात आणि छाती रुंद ठेवतात. त्यामुळे तो भार पेलणारा वाटतो. इंडोनेशियाच्या राष्ट्रचिन्हातला गरुड १९५० साली स्वीकारला गेला. त्याच्या प्रत्येक पंखात १७ पिसं, शेपटीत ८, ढालीखाली १९ आणि मानेवर ४५ आहेत. १७ ऑगस्ट १९४५ हा त्या देशाचा स्वातंत्र्यदिन पिसांत असा कोरलेला आहे.

गंडभेरुंडाला एक धड आणि दोन माना. कर्नाटकातल्या बळ्ळिगावे इथे १०४७ सालचा गंडभेरुंड स्तंभ आहे, म्हैसूरच्या वडियार घराण्याचं ते चिन्ह होतं आणि आजच्या कर्नाटकाच्या राजमुद्रेतही तो आहे. त्याचं चित्र काढताना दोन्ही माना एकाच अंड्यातून फुटायला हव्यात. नुसती चिकटवलेली दुसरी मान लगेच ओळखू येते. होकुसाईने नव्वदीच्या उंबरठ्यावर ओबुसे गावातल्या मंदिराच्या छतावर अवाढव्य फिनिक्स रंगवला. आयुष्यभर खरे पक्षी काढलेला हात त्यात जागोजाग दिसतो.

आणि जटायू. राजा रविवर्म्याच्या चित्रामुळे रावणाशी झुंजणारा हा पक्षी मराठी माणसाच्याही डोळ्यांसमोर उभा राहिला. जटायू काढायचा तर उघडी लांब मान, मानेच्या तळाशी पिसांची झालर, आकडेदार चोच आणि टोकाला बोटांसारखी फाकलेली पंखांची पिसं पाहायला हवीत. ही पाहायची कुठे? पूर्वी गावाबाहेर गिधाडं थव्याने दिसत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली आणि हरियाणातल्या पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सहभागाने गिधाडांचं प्रजनन केंद्र चालतं. त्या केंद्राचं नाव जटायूवरून ठेवलेलं आहे. खरं गिधाड नाहीसं झालं, तर पुढच्या पिढीच्या चित्रकाराला जटायू दुसऱ्यांच्या चित्रांवरूनच उतरवावा लागेल, आणि प्रत्येक नकलेबरोबर तो थोडा थोडा निर्जीव होत जाईल.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना गरुडाचं तयार चित्र गिरवायला देऊ नका. त्यांना खिडकीशी बसवा, समोरची साळुंकी, कावळा, कबुतर काढायला सांगा. रेघ, अंडं, डोकं, डोळा, पाय, पिसं या क्रमाने. खोडरबर बाजूला ठेवा आणि पान भरेपर्यंत बोलू नका. ते जमू लागलं की मगच गरुडाची गोष्ट सांगा आणि तो कसा दिसत असेल हे त्यांचं त्यांना काढू द्या.