मॅकिन्ले, ट्रम्प आणि कारंज्याचा कापूस

20 जानेवारी 2025 रोजी शपथविधीच्या भाषणात डोनाल्ड ट्रम्प यांनी विल्यम मॅकिन्ले यांचे गुणगान केले. मॅकिन्ले म्हणजे 1890 च्या जबर जकात कायद्याचे जनक, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. रेल्वे, पोलाद आणि तेल यांवर मूठभर धनाढ्यांची पकड होती, तो हा काळ. आजच्या तंत्रज्ञान कंपन्यांचे मालक पाहून अमेरिकी अभ्यासकांना तेव्हाचे तेलसम्राट रॉकफेलर आणि पोलादसम्राट कार्नेगी आठवतात, ते साहजिकच आहे. मात्र या तुलनेत शेतकरी क्वचितच येतो, आणि वाशीम जिल्ह्यातून पाहणाऱ्याला तोच आधी दिसतो. अमेरिकेच्या त्या औद्योगिक युगाचा एक धागा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून गेलेला आहे.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली. इंग्लंडच्या गिरण्यांचा सुमारे तीन चतुर्थांश कापूस तिथूनच येत असे. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात होताच; त्यांची नजर इकडे वळली आणि भाव भडकले. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्याच जुलैत मुंबईतले सट्टेबाजही बुडाले. गंमत अशी की रेल्वे नागपूरला पोचली ती 1867 मध्ये आणि खामगावचा फाटा सुरू झाला 1870 मध्ये. म्हणजे तेजी ओसरल्यावर रूळ आले! पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज, लोकांची ‘शकुंतला’, वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्यावरून कापूस वाहू लागली. रूळ ब्रिटिश कंपनीचे आणि माल विलायतेच्या वाटेवरचा. चार वर्षांची तेजी विसरता आली असती, पण तिच्यामागून आलेली रेल्वे, बाजारपेठा आणि कापसाखाली गेलेली जमीन मागे फिरणारी नव्हती. शतकाअखेर भाव खचलेले असताना 1899-1900 चा दुष्काळ आला, तेव्हा या परावलंबनाची किंमत वऱ्हाडाने मोजली. त्याच दशकांत अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूस उत्पादकही पीक तारण ठेवून सावकाराच्या वहीत अडकला होता. समुद्राच्या दोन्ही काठांवर एकाच बाजाराने एकाच प्रकारचे कर्जबाजारी निर्माण केले.

आता 2025 चा ऑगस्ट पाहा. अमेरिकेने भारतीय मालावरचा कर 27 तारखेपासून 50 टक्क्यांवर नेला. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत माफ केले. वस्त्रोद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा, हा हेतू. 1861 मध्ये अमेरिकेच्या घडामोडींनी इथला भाव चढवला होता, या वेळी तो दाबला. दिशा उलटी, पण ठरवणारा हात तितकाच लांबचा. सवलतीची मुदत तर नेमकी वेचणीच्या हंगामावर पडली. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, जूनमध्येच पेरलेली. आता पीक बदलण्याची सोय कुणाला होती?

यावर आक्षेप येईल की तेव्हा राज्य परक्यांचे होते, आज हमीभाव आहे, भारतीय कापूस महामंडळाची (सीसीआय) खरेदी आहे. खरे आहे आणि हा फरक मोठा आहे: 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8110 रुपये जाहीर झाले. पण नोंदणी, ओलाव्याची अट आणि केंद्रापुढची रांग या चाळणीतून सगळा कापूस जात नाही. पैशांची निकड असलेला शेतकरी व्यापाऱ्याला माल देऊन मोकळा होतो. गिरणी जगली तरच कापूस विकला जाईल, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निर्यातदारांचे संकट खोटे नव्हतेच. मात्र त्यांना दिलेल्या सवलतीचा भार शेतकऱ्यावर पडत असेल, तर त्यालाही भरपाई हवी. अमेरिकेला हे कळते. 2018 मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर कर लावल्यावर ट्रम्प सरकारने त्या वर्षी 12 अब्ज आणि पुढच्या वर्षी 16 अब्ज डॉलरपर्यंतची मदत शेतकऱ्यांसाठी जाहीर केली. मॅकिन्लेच्या काळच्या अमेरिकी कापूस उत्पादकाला असे काही मिळाले नव्हते. तुलना मोडते ती इथे, आणि आपण शिकण्याजोगे काही असेल तर तेही इथेच आहे.

वाशीमच्या शिवारात आज कापसापेक्षा सोयाबीनच जास्त दिसते, पण तेही जगाच्या बाजाराला बांधलेलेच. तेव्हा आयात शुल्काचा निर्णय पेरणीपूर्वी, निदान मेअखेर जाहीर व्हावा आणि हंगामाच्या मध्यात तो बदललाच, तर भावातल्या फरकाची रक्कम थेट खात्यात यावी, एवढी मागणी अवास्तव नाही.