बिल थकलं म्हणून हॉस्पिटल पेशंटला अडवून ठेवू शकतं का?

डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहून दिलाय, पिशव्या भरून झाल्यात. तेवढ्यात काउंटरवरून निरोप येतो, "आधी उरलेले पैसे भरा, मग पेशंट न्या." मग गावाकडे फोनाफोनी सुरू होते, कुणी गळ्यातलं मोडायला निघतं.

पण असं अडवता येतं का? तर नाही.

बिलासाठी पेशंटला डांबून ठेवणं बेकायदेशीर आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय. कुणालाही बेकायदा डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 नुसार गुन्हा आहे. राज्य सरकारने 2021 मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले, त्यात पेशंटच्या हक्कांची सनद आली. थकलेल्या बिलासाठी मृतदेह अडवायलाही त्यात मनाई आहे.

याचा अर्थ बिल माफ झालं, असा मात्र नाही. इथे अनेकांची गल्लत होते. पैसे देणं लागतातच, ते वसूल करायला हॉस्पिटल दिवाणी कोर्टात जाऊ शकतं. फक्त माणूस तारण ठेवता येत नाही.

त्यामुळे आवाज चढवण्याआधी तपशीलवार बिल मागा. 'इतर साहित्य' असं लिहून ठोक रक्कम लावली असेल, तर त्यात नेमकं काय धरलंय ते विचारा. दरपत्रक दर्शनी भागात लावणं हॉस्पिटलला बंधनकारक आहे, त्याच्याशी आकडे ताडून बघा. तरीही सोडत नसतील तर 112 वर पोलिसांना फोन करा आणि शहरात असाल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार द्या.

हॉस्पिटल धर्मादाय असेल तर 10 टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि 10 टक्के सवलतीत राखीव असतात. त्याची चौकशी ॲडमिट होतानाच केलेली बरी.