भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत जमीन का थरथरते?

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला वसलेले भोर आणि वेल्हे हे तालुके भूकंपासाठी ओळखले जात नाहीत. राजगड, तोरणा, रायरेश्वर, भाटघर, पानशेत ही नावे उच्चारली की डोळ्यांपुढे गड, धुके आणि पाणी उभे राहते. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला, आम्ही येथे सर्वांच्या ओठी असलेले जुने नाव ठेवले आहे.) मात्र जेथे भूकंप विरळ, तेथे मांडणीवरची भांडी खणखणली तरी सारे गाव अंगणात येते. पाटणच्या माणसाला जे अंगवळणी पडले आहे, ते भोरच्या माणसाला नवे असते. म्हणून या विषयाची थोडी उकल करावी, असे आम्हांस वाटते.

सह्याद्रीचा हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार झाला. वरून तो अखंड आणि अचल भासतो. परंतु त्याच्या खाली त्याहून कितीतरी प्राचीन खडक आहे आणि त्या खडकात जुन्या भेगा आहेत. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत हिमालयाच्या बाजूने दाबला जात असल्याने हा ताण थेट दख्खनपर्यंत पोहोचतो. एखाद्या भेगेच्या दोन बाजू या ताणाने क्षणभर घसरल्या की भूकंप होतो. घसरण लहान असेल तर धक्का लहान. मात्र तो उथळ असेल तर गडगडाट मोठा ऐकू येतो, आणि पुष्कळदा माणसे हादऱ्यापेक्षा त्या आवाजानेच अधिक घाबरतात.

या भागाला सर्वांत जवळचे जागृत भूकंपक्षेत्र म्हणजे कोयना. भोरपासून कोयना धरण सरळ रेषेत सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि परिसरात लहान धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास ६.३ क्षमतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली आणि हादरे पुण्या-मुंबईपर्यंत जाणवले. जलाशयाच्या भाराने आणि भेगांत झिरपलेल्या पाण्याच्या दाबाने आधीच ताणाखाली असलेला खडक घसरण्यास निमित्त मिळते, असे शास्त्रज्ञ मानतात. निमित्त, हा शब्द येथे महत्त्वाचा. ताण नसेल तर नुसत्या पाण्याने भूकंप होत नाही. भाटघरचा जलाशय गेली सुमारे शंभर वर्षे दरवर्षी भरतो आणि रिकामा होतो, पण तेथे कोयनेसारखी मालिका घडलेली नाही.

धरणांविषयी आणखी एक भीती मनात असते. १२ जुलै १९६१ रोजी वेल्हे तालुक्यातीलच पानशेत धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. ते धरण भूकंपाने फुटले नव्हते. बांधकाम अपुरे असतानाच त्यात पावसाचे पाणी साठले होते. उलट १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले, तरी ते उभे राहिले व पुढे अधिक बळकट करण्यात आले.

मग लहान धक्क्यांना भ्यावे की नाही? याचे सरळ उत्तर देता येत नाही. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची दीर्घ मालिका सुरू झाली. लोकांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या, पण मोठा भूकंप आला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये धक्क्याच्या वेळी घराबाहेर धावताना पडून एका बालिकेचा मात्र मृत्यू झाला. याउलट किल्लारी परिसरात १९९२ साली लहान धक्के बसले, काही काळाने थांबले, लोक विसरले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे आठ ते दहा हजार माणसे गाडली गेली. तोवर किल्लारीचा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता! २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला. त्या नकाशात पुणे जिल्हाही त्याच तिसऱ्या विभागात होता, तर कोयना चौथ्यात. अमुक दिवशी भूकंप येणार असे सांगणारा निरोप मोबाईलवर आला तर तो खोटाच समजावा. तारीख सांगण्याची विद्या अद्याप जगात कोणालाही साधलेली नाही.

किल्लारीत माणसे मेली ती मुख्यतः भिंतींखाली. दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. मावळातील कारवीच्या कुडाचे घर गरिबाचे म्हणून हिणवले गेले, पण हादऱ्यात ते लवचीकपणे डोलते आणि पडलेच तरी त्याखाली जीव सहसा जात नाही. भोर-वेल्ह्यात आज दगड-मातीची जुनी घरे आहेत, तसेच गवंड्याच्या अंदाजाने उभारलेले सिमेंटचे मजलेही आहेत. चिंता करावी ती दोन्हींची. नवे घर बांधताना दारे-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींतून अखंड फिरणारा, सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा घालावा. दगडी भिंतीत ठरावीक अंतराने आरपार जाणारा लांब दगड बसवावा, म्हणजे भिंतीचे दोन पदर सुटत नाहीत. एकूण खर्चाच्या मानाने हे काम थोडे आहे. घरातील जड पेटी किंवा पाट्या-वरवंट्यासारखी वस्तू झोपण्याच्या जागेवरील फळीवर ठेवू नये, एवढे तर आजच करता येईल.

पावसाळ्यात मात्र डोंगरउतारावर नवी भेग दिसली, झाड कलले किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर 'भूकंप झाला असेल' म्हणून स्वस्थ बसू नये. ही दरड सरकण्याची लक्षणे असू शकतात, आणि या डोंगरी पट्ट्यात तो धोका भूकंपाहून निकटचा आहे. भोरहून वरंध घाट उतरला की महाड तालुका लागतो. तेथील तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशी भेग दिसताच घर रिकामे करून तलाठी अथवा तहसील कार्यालयास कळवावे. धक्का बसला असेल तर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र त्याची वेळ, स्थान व क्षमता जाहीर करते. ती नोंद सापडली नाही आणि भेग मात्र वाढत असेल, तर त्या रात्री घरात झोपू नये.