एक चमचा मेथी

गुडमारचं पान चावून लगेच पेढा तोंडात टाकला, तर तो गोड लागतच नाही. पश्चिम घाटात उगवणाऱ्या या वेलीच्या पानांतली जिम्नेमिक आम्लं जिभेवर गोडाची चव ओळखणाऱ्या पेशींना काही काळ अडवून धरतात. हिचं संस्कृत नावच मधुनाशिनी. पण चव गेली तरी पेढ्यातली साखर कुठे जात नाही. ती पचते आणि रक्तात उतरतेच.

जीभ आणि रक्त यांच्यातलं हे अंतर मधुमेहावरच्या पूरक गोळ्यांच्या बाजारात फार सहज विसरलं जातं. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. इतक्या घरांत काळजी असेल, तर कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड आणि दालचिनीच्या कॅप्सूल खपणारच.

यातलं सगळंच थोतांड नाही. मेथीचंच पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी १९९० साली मधुमेहींना मेथीची पूड देऊन पाहिली आणि साखर उतरलेली दिसली. पूड किती होती? दिवसाला १०० ग्रॅम, तीही तेल काढून घेतलेली, दोन जेवणांत विभागून. घरी आपण रात्री भिजवतो ती चमचाभर, म्हणजे चार-पाच ग्रॅम. त्यातही पुष्कळ जण सकाळी पाणी पितात आणि दाणे टाकून देतात. जेवणातली साखर रक्तात सावकाश जाऊ देणारा बुळबुळीत तंतू मुख्यतः त्या दाण्यांतच असतो! इसबगोलाचं कामही याच वाटेनं चालतं.

‘झाडपाल्याची’ म्हणून पूरक गोळी निर्धोक आणि ‘केमिकल’ म्हणून डॉक्टरांची गोळी घातक, ही समजूत तर मुळातच चुकीची आहे. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या औषधाचा उगम युरोपातल्या गॅलेगा या झाडात आहे. त्यातल्या द्रव्याच्या जातीचं रसायन प्रयोगशाळेत बनलं, फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी १९५७ साली ते मधुमेहींवर वापरलं, आणि १९९८ साली ब्रिटनमधल्या दीर्घ अभ्यासानं त्याचा फायदा दाखवला. गोळीत औषध नेमकं किती मिलिग्रॅम, हे ठरलेलं असतं. पुडीच्या डब्याबाबत तशी खात्री देता येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत चक्क ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं डॉक्टरी औषध सापडलं आहे. तेच औषध आधीपासून घेणाऱ्या माणसानं वर अशी कॅप्सूल घेतली, तर साखर अचानक खाली येते: हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, शुद्धही हरपू शकते.

मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणंही बंधनकारक आहे. ‘साखर योग्य पातळीत राखण्यास मदत’ या मोठ्या अक्षरांच्या जवळपास ती ओळ शोधून वाचावी. सर्वांत मोठं नुकसान होतं ते मात्र डब्याच्या भरवशावर चालू गोळी किंवा इन्सुलिन बंद केल्यानं. रस सुरू केला आणि सकाळची उपाशीपोटीची साखर एकदा चांगली आली, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी एचबीए१सी या तपासणीत दिसते.

पूरक गोळीची खरी गरज असलेले मधुमेहीही असतात, त्यांच्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानं शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व घटू शकतं, आणि शाकाहारी माणसाच्या जेवणात ते आधीच कमी. मग तळपायाला मुंग्या येतात, आणि घरचे म्हणतात, साखर वाढली असेल. अशा वेळी कारल्याचा पेला आणखी भरण्याआधी डॉक्टरांना विचारून बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि जाताना घरातले सगळे डबे, पुड्या, बाटल्या पिशवीत घालून त्यांना दाखवायला न्याव्यात.