गाडीचे पाचवे चाक



पूर्वी कित्येक घरांतून नऊवारी लुगडे मधोमध विरले म्हणून टाकून देण्याची रीत नव्हती. विरलेल्या जागी ते कापावयाचे आणि दोन धड भाग एकमेकांस जोडून पुन्हा वापरात आणावयाचे. ह्यास लुगड्याला दंड घालणे म्हणत. झीज एकाच जागी होते, तेव्हा धड भागाने पुढे होऊन आपला वाटा उचलावा, हे त्यातील मर्म. आज मी ज्या कृतीविषयी बोलणार आहे, ती मोटारीच्या चाकांस दंड घालण्यासारखीच आहे. तिला गाडीवाले ‘टायर रोटेशन’ म्हणतात. आपण टायरांची अदलाबदल म्हणू.

आपण म्हणाल, शाळामास्तराने खडू सोडून जॅक केव्हा हाती घेतला? त्याचे कारण सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी निफाड तालुक्यातून वाशीच्या बाजारात द्राक्षे पोहोचविण्याचा धंदा करतो. त्याने नवी पिकअप गाडी घेतली, तेव्हा पेढे देताना तो मला म्हणाला, “गुरुजी, खाली टांगलेल्या स्टेपनीला मी हातच लावणार नाही. अडीअडचणीला नवी कोरी राहील.” मी त्याची पाठ थोपटली. ठेवणीतली वस्तू जपावी, हे मीच त्यास वर्गात शिकविले होते. पुढे सात वर्षांनी, भर हंगामात, इगतपुरीच्या अलीकडे त्याचे मागचे एक चाक पंक्चर झाले. त्याने ते ठेवणीतले चाक चढविले व तो कसारा घाट उतरू लागला. घाटात ते चाक फुटले. गाडी डोंगराच्या अंगास घासत थांबली म्हणून तो वाचला. माल मात्र रस्त्यावर सांडला. भेटला तेव्हा एवढेच म्हणाला, “गुरुजी, चाक तर नवे होते.” मजजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी मी टायरवाल्यांच्या दुकानी जाऊन बसू लागलो.

आमच्या नाशिकच्या सातपूर वसाहतीत मोटारीही तयार होतात व टायरही. तेव्हा ह्या ज्ञानासाठी दूर जावयास नको होते. विचारण्याचीच काय ती खोटी होती.

पहिली गोष्ट कळली ती ही, की रबर वापराने झिजते आणि न वापरता म्हातारे होते. हवेतील प्राणवायू, ओझोन व उष्णता ह्यांच्या योगाने ते हळूहळू कडक होते व त्यास बारीक चिरा पडतात. नक्षी शाबूत दिसते, पण आतला जीव गेलेला असतो. टायरच्या जन्माची नोंद त्याच्या अंगावरच असते. बाजूवर लंबवर्तुळात चार आकडे असतात. 2324 असे असल्यास तो टायर 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. माझ्या विद्यार्थ्याने ते आकडे कधी वाचले नव्हते. मीही नाही.

दुसरी गोष्ट झिजेची. चारही चाके एकच रस्ता चालतात, पण त्यांची कामे निराळी. पुढची चाके वळतात, म्हणून त्यांचे काठ घासले जातात. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, तोही त्यांनीच सोसावयाचा. पिकअपमध्ये इंजिनाची ओढ बहुधा मागच्या चाकांवर असते व मालाचे ओझेही त्यांवरच असते. म्हणून त्यांची नक्षी मधोमध लवकर उतरते. पाचवे चाक तर काहीच काम करीत नाही. एकाच घरात दोघांनी राबावे, दोघांनी वाकावे आणि पाचव्याने निजून राहावे, अशातला हा प्रकार!

ह्यावर उपाय म्हणजे पाळीपाळीने जागा बदलणे. खडूने पुढच्या डाव्या चाकावर 1, पुढच्या उजव्यावर 2, मागच्या डाव्यावर 3, मागच्या उजव्यावर 4 व स्टेपनीवर 5 असे आकडे घालावे. आता 3 व 4 ही मागची चाके आपापल्या बाजूने सरळ पुढे आणावी. क्रमांक 2 तिरपे नेऊन मागे डावीकडे बसवावे. मागे उजवीकडे 5 चढवावे, आणि 1 क्रमांकास स्टेपनीच्या जागी विसावा द्यावा. हाच क्रम पाच वेळा चालविल्यास प्रत्येक चाक प्रत्येक जागी एकदा जाऊन मूळ स्थानी परत येते. आपल्या मुलांस कागदावर हे करून पाहण्यास सांगा. त्यांस मोठी मौज वाटेल.

ही अदलाबदल साधारण आठ ते दहा हजार किलोमीटरांनी करावी. नाशिकहून वाशीस जाऊन येणे सुमारे सव्वातीनशे किलोमीटर धरले, तर पंचवीस खेपांत पाळी येते.

कृती अशी. गाडी रिकामी करून सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. हातब्रेक ओढावा, गिअर टाकावा व न उचललेल्या चाकांस पुढून-मागून दगड लावावे. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावे. मग पुस्तकात दाखविलेल्या जागी जॅक लावावा. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. चाक बसविताना टेकण्याच्या जागेचा गंज व माती पुसावी. नट आधी हाताने फिरवावे व नंतर समोरासमोरचे आळीपाळीने आवळावे. शेवटचा आवळ मापाच्या पान्याने, पुस्तकातील आकड्याप्रमाणे द्यावा. ऐंशी-शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा एकदा तपासावे. हे शेवटचे काम बहुतेक लोक विसरतात.

हवेचा हिशेबही बदलतो. मागच्या चाकांत पुढच्यांहून अधिक हवा लागते. म्हणून चाक पुढे आले की त्याची हवा थंड असताना नव्या जागेप्रमाणे करावी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. अशा लांब सरळ रस्त्यावर कमी हवेचा टायर वेगात चालला, म्हणजे आतून तापतो व फुटतो.

आता अपवाद सांगतो. पाचही टायर एकाच मापाचे व जातीचे असतील तरच हा क्रम चालतो. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बाजू न बदलता फक्त पुढे-मागे न्यावा. मागे जोडचाके असलेल्या सहा चाकी गाडीत जोडीचे दोन्ही टायर सारख्या उंचीचे ठेवावे. फरक पाव इंचाहून अधिक झाला, तर उंच टायर दोघांचे ओझे वाहतो. घरच्या लहान मोटारीत इंजिनाची ओढ बहुधा पुढच्या चाकांवर असते. तीत क्रम उलटा: पुढची चाके सरळ मागे, मागची तिरपी पुढे.

अदलाबदल हे सर्व रोगांचे औषध नव्हे. दोन्ही काठ झिजले असल्यास हवा कमी, मध्य झिजला असल्यास हवा जास्त, एकच काठ झिजला असल्यास अलाइनमेंट बिघडलेले, असे सामान्यतः समजावे. मूळ दोष काढल्यावाचून जागा बदलल्या, तर तोच रोग उरलेल्या चाकांस लागतो. आणि नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खुणेस पोहोचली, की टायरची नोकरी संपली.

दसऱ्यास आपण वाहनास झेंडूचा हार घालतो. त्या वेळी एकदा वाकून पाचही चाकांकडे पाहावे, त्यांचे आकडे वाचावे, एवढेच माझे सांगणे. माझा विद्यार्थी आता तसे करतो. त्याच्या पाचही टायरांवर खडूचे आकडे असतात, आणि दर पाळीस तो मला दूरध्वनीवरून सांगतो, “गुरुजी, आज अमक्याची सुटी.” ठेवणीतली वस्तू जपावी, हे मी अजूनही म्हणेन, मात्र जपणे म्हणजे तिला काम न देणे नव्हे, हा धडा मला शिकविणाऱ्याच्याच हातून उशिरा मिळाला.